गंजलेल्या सळईचा हिशेब

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळया बनतात. त्याच सळया बांधकामावर पावसाळाभर उघड्या पडल्या की तांबूस होतात. बोटाला लागणारी ती भुकटी म्हणजे नासलेलं लोखंड, असं वाटतं. पण भुकटीचं वजन मूळ लोखंडापेक्षा जास्त भरतं!

वाढीव वजन हवेतलं. लोखंडाला ऑक्सिजन चिकटतो. (पाणीही लागतं, पण ते तूर्त बाजूला ठेवू.) गंजाच्या एका घटकात लोखंडाचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन. अडचण अशी, की हवेतला ऑक्सिजन जोडीनेच वावरतो.

बाजारात जोडी फोडून बैल विकत नाहीत आणि प्रत्येक नांगराला तीन बैल हवेत, तर? किमान तीन जोड्या घ्यायच्या, दोन नांगर जुंपायचे. तसंच इथे: ऑक्सिजनच्या तीन जोड्या, लोखंडाचे चार अणू, गंजाचे दोन घटक. दहावीच्या पुस्तकातलं ‘समीकरण संतुलित करा’ ते हेच.

विद्यार्थी अडखळतात ते दुसरीकडेच. हिशेब जुळेना की सूत्रातला छोटा आकडाच बदलतात. पण पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनचा एक अणू वाढवला, तर ते पाणी राहत नाही, जखम धुण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. बदलायचा तो सूत्राआधीचा आकडा.

अठराव्या शतकात फ्रान्सच्या लाव्हाझिएने तराजूवर दाखवलं, की अभिक्रियेत एकूण वस्तुमान घटत-वाढत नाही. म्हणून ११२ किलो लोखंड पूर्ण गंजलं, तर हवेतून ४८ किलो ऑक्सिजन येतो आणि कोरडा गंज भरतो १६० किलो.