किल्ल्याच्या तटात गाव : दौलताबादला घर दुरुस्त करायचे तर दिल्लीचा कायदा का आडवा येतो?

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे निघालेली वाहने साधारण १५ किलोमीटरवर एका जुन्या तटबंदीतून आत शिरतात. पर्यटकाला वाटते, किल्ला आला. पण तिकीट खिडकी दिसण्याआधीच घरे, दुकाने, गोठे आणि शेते लागतात. हे दौलताबाद गाव. ते किल्ल्याजवळ नाही, किल्ल्याच्या सर्वांत बाहेरच्या तटात आहे. त्यामुळे घरावर एक खोली चढवण्याचा साधा बेतही इथे संसदेच्या कायद्याशी जाऊन भिडतो. असेच स्मारकाच्या पोटात वसलेले एक छोटे गाव इंग्लंडमध्ये आहे, एव्हबरी. दोन्ही गावे शेजारी ठेवून पाहिली की नियम कशासाठी आहे आणि तो कुठे अडतो, हे लवकर उमगते.

गाव किल्ल्यात आले कसे?

गाव किल्ल्यात आले नाही, शहर आटून गाव उरले. १२व्या शतकाच्या अखेरीस यादव राजा भिल्लम पाचवा याने देवगिरी ही राजधानी केली. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि दौलताबाद हे नाव रूढ झाले. डोंगरावरचा बालेकिल्ला, त्याभोवती काळाकोट, मग महाकोट आणि सर्वांत बाहेर अंबरकोट अशी तटांची रचना आहे. अंबरकोटाच्या आत सैनिक, कारागीर, व्यापारी आणि त्यांच्या पेठा सामावतील एवढी जागा होती.

१६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली आणि सत्तेचे केंद्र हळूहळू तिकडे सरकले. १६३३ मध्ये किल्ला मोगलांच्या हाती गेला. पुढे खडकीचे औरंगाबाद झाले, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. शहर निघून गेले, तट मात्र तसाच राहिला. म्हणून आज अंबरकोटाच्या आत फिरताना वस्तीपेक्षा मोकळे रान आणि शेतीच जास्त दिसते.

गावाचे आजचे जगणे कशावर चालते?

शेती आणि रस्ता, या दोन गोष्टींवर. पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या लागतात. दौलताबादचे सीताफळ शहरात नावाने विकले जाते. किल्ला पाहायला येणाऱ्यांमुळे चहा, नाश्ता, पेरू, टोप्या, पाण्याच्या बाटल्या असा छोटा व्यवसाय वर्षभर चालतो. हाच रस्ता पुढे घाट चढून हातकागदासाठी प्रसिद्ध असलेल्या कागजीपुऱ्याकडे, खुलताबादकडे आणि वेरूळकडे जातो. श्रावणी सोमवार, महाशिवरात्र, खुलताबादचा उरूस, भद्रा मारुतीला रात्रभर पायी निघणारे भाविक अशी सगळी वर्दळ गावातूनच पुढे सरकते. तटाचा दरवाजा मात्र हत्ती-घोड्यांच्या काळातला. समोरासमोर बस आणि ट्रक आले की कोंडी ठरलेली.

स्मारकामुळे गिऱ्हाईक येते आणि स्मारकामुळेच घर वाढत नाही. गावाची गोम ही आहे.

१०० आणि २०० मीटरचा नियम काय आहे?

देवगिरी किल्ला केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकांना १९५८ चा प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष कायदा लागू होतो. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचा पट्टा विनियमित ठरला. २०१० च्या दुरुस्तीने ही तरतूद थेट कायद्यात आली आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापण्याची सोय झाली.

प्रतिबंधित पट्ट्यात खासगी मालकाला नवे बांधकाम करता येत नाही. घर १६ जून १९९२ च्या आधीचे असेल, किंवा त्यानंतर रीतसर मंजुरीने बांधलेले असेल, तर दुरुस्ती आणि नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. विनियमित पट्ट्यात नवे बांधकाम, पुनर्बांधणी आणि दुरुस्ती यांपैकी कशासाठीही अर्ज चालतो. दोन्हीकडे परवानगी आधी घ्यायची, काम नंतर. नियम मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

अडचण नेमकी कुठे येते?

पहिली अडचण मोजणीची. एखादे मंदिर किंवा मकबरा असेल तर त्याच्या कुंपणापासून १०० मीटर मोजणे सोपे. दौलताबादला स्मारक म्हणजे डोंगर, खंदक, तट, दरवाजे, मिनार, मशीद, हौद असा पसारा आहे. अंतर संरक्षित हद्दीपासून धरले जाते, इमारतीच्या मध्यापासून नाही. त्यामुळे आपले घर कोणत्या पट्ट्यात पडते, हे मालकाला नुसत्या नजरेने सांगता येत नाही.

दुसरी अडचण शब्दांची आहे. खोली वाढवणे किंवा मजला चढवणे हे कायद्याच्या भाषेत बांधकाम. जुन्या घराच्या जागी तेवढ्याच लांबी-रुंदी-उंचीचे घर पुन्हा उभे करणे म्हणजे पुनर्बांधणी. आहे त्या घरात फेरबदल करणे म्हणजे दुरुस्ती व नूतनीकरण. प्रतिबंधित पट्ट्यात अर्जाची वाट आहे ती फक्त या तिसऱ्या प्रकाराला. म्हणजे पावसात मातीची भिंत खचली तर ती सावरता येईल. संपूर्ण घर बसले तर प्रश्न अवघड होतो. ज्यांची घरे सर्वांत कच्ची, त्यांनाच हा फरक सर्वांत जास्त भोवतो. भावाभावांत वाटणी झाली, लग्नानंतर एक खोली हवी झाली, तरी भिंत बाहेर सरकवता येत नाही.

तिसरी अडचण समजुतीची. सांडपाण्याची गटारे, सार्वजनिक शौचालये आणि सार्वजनिक पाणीपुरवठ्याची कामे कायद्याने ‘बांधकाम’ या व्याख्येतून वगळली आहेत. ‘पुरातत्त्ववाले काहीच करू देत नाहीत’ असे सरसकट मानले की ही कामेही कागदावरच राहतात. अर्थात संरक्षित हद्दीच्या आत कुदळ मारायची तर विभागाची संमती हवीच.

हा त्रास एका गावापुरता नाही. काही ठिकाणी अख्खे गावच ३०० मीटरच्या आत येते आणि लोकांना घरे दुरुस्त करणेही जड जाते, याची दखल संसदेच्या स्थायी समितीने २०२३ मध्ये घेतली.

एव्हबरीत काय घडले?

एव्हबरी हे इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील काहीशे वस्तीचे खेडे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथे मोठा खंदक खणून आत उंच दगडांचे वर्तुळ उभारले गेले. ते जगातील सर्वांत मोठे शिलावर्तुळ मानले जाते. त्या वर्तुळातच गावाची घरे आहेत, ‘रेड लायन’ नावाचे जुने पब आहे आणि वाहता रस्ताही आहे. मेंढ्या दगडांच्या सावलीत चरतात. १९८६ मध्ये स्टोनहेंजसोबत या जागेला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

गाव आणि दगड यांचे सख्य मात्र जुने नाही. १८व्या शतकात गावकरी दगडाखाली आग पेटवत, तापलेल्या दगडावर पाणी ओतून तो फोडत आणि तुकडे घराच्या भिंतींना लावत. विल्यम स्टुकली या अभ्यासकाने ही मोडतोड १७२० च्या दशकात नोंदवून ठेवली. १८७१ मध्ये जागेवर घरे बांधली जाण्याची वेळ आली, तेव्हा जॉन लबक यांनी जमीनच विकत घेतली. १८८२ मध्ये ब्रिटनचा पहिला स्मारक संरक्षण कायदा झाला, तोही त्यांच्याच पाठपुराव्याने.

१९३० च्या दशकात पारडे उलट झुकले. मार्मालेडच्या धंद्यातून श्रीमंत झालेल्या अलेक्झांडर केलर यांनी गावाचा बराच भाग विकत घेतला, पुरलेले दगड काढून पुन्हा उभे केले आणि मध्ये येणारी घरे पाडली. १९३८ मध्ये एका दगडाखाली १४व्या शतकातल्या माणसाचा सांगाडा, कात्री आणि नाणी सापडली. शोध मोठा होता. पण काही कुटुंबांना वर्तुळाबाहेर, शेजारच्या ट्रस्लो वस्तीत जावे लागले. १९४३ मध्ये केलर यांनी ही मालमत्ता नॅशनल ट्रस्टला विकली. घरे हटवून वर्तुळ मोकळे करण्याचा विचार कालांतराने मागे पडला. १९७० च्या दशकात गावही जपणुकीचे क्षेत्र ठरले. म्हणजे दगडांइतकीच जुनी घरेही राखायची, असे ठरले.

तिथे परवानगी कशी ठरते?

इंग्लंडमध्ये स्मारकाभोवती सर्वत्र सारखा असा मीटरचा पट्टा नाही. नवे काम स्मारकाच्या परिसराला, दर्शनाला आणि जमिनीखालच्या अवशेषांना किती धक्का लावते, हे प्रत्येक अर्जात वेगळे तपासले जाते. गावाच्या पंचायतीला अर्ज कळवला जातो आणि ती मत देते. याचा अर्थ तिथे मोकळीक आहे असे नाही. जुन्या घराची खिडकी बदलायलाही मंजुरी लागू शकते, आणि पैसेवाले बाहेरचे लोक घरे घेऊ लागल्याने गावच्या तरुणांना घर परवडत नाही, ही इंग्लंडच्या देखण्या खेड्यांची नेहमीची तक्रार आहे. पण अर्जाला मिळणारे उत्तर त्या घरापुरते असते.

मग आपणही मीटर सोडून द्यावेत का?

घाईने तसे म्हणणे धोक्याचे. सरळ मोजता येणाऱ्या नियमात वशिल्याला जागा कमी असते. शहराला लागून असलेल्या, जमिनीचे भाव चढलेल्या पट्ट्यात पट्टी काढून घेतली तर पहिला फायदा मातीच्या घरात राहणाऱ्याला मिळेल, याची खात्री नाही. तो हॉटेल आणि मंगल कार्यालय बांधणाऱ्याला मिळण्याची शक्यता अधिक. एकदा तटाला खेटून चार मजले उभे राहिले की ते उतरवणे कठीण.

कायद्यातच असलेली वाट कोणती?

२०१० च्या दुरुस्तीने प्रत्येक संरक्षित स्मारकासाठी स्वतंत्र वारसा उपविधी तयार करण्यास सांगितले आहे. इमारतींची उंची व दर्शनी भाग, सांडपाणी, रस्ते, विजेचे खांब, जलवाहिन्या या गोष्टी त्यात ठरवायच्या असतात. देशात केंद्राच्या यादीत सुमारे ३,७०० स्मारके आहेत आणि उपविधी पूर्ण झाले ते मोजक्यांचेच. १०० मीटरची बंदी संसदेशिवाय कोणी हटवू शकत नाही. मात्र पुढच्या २०० मीटरमध्ये कुठे एक मजला चालेल, छप्पर कसे असावे, गटार कुठून न्यावे, हे उपविधीने आधीच लिहून ठेवता येते. मग प्रत्येक कुटुंबाला अंधारात अर्ज करावा लागत नाही. मसुद्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात. तिथे ग्रामसभेचा ठराव वजनदार ठरतो.

घरमालकाने आज काय करावे?

१६ जून १९९२ ही तारीख लक्षात ठेवावी. घर त्याआधीचे आहे, हे दाखवणारी कागदपत्रे एकत्र करावीत : ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा जुना उतारा, घरपट्टीच्या पावत्या, विजेची जुनी देयके, खरेदीखत, जुने फोटो. दुरुस्तीपूर्वी घराची लांबी-रुंदी-उंची मोजून छायाचित्रांसह नोंद ठेवावी, म्हणजे ‘वाढवले’ असा आक्षेप आल्यास उत्तर देता येते. अंतराचा अंदाज न बांधता पुरातत्त्व विभागाकडून ते मोजून घ्यावे. पाया खणण्याआधी किंवा पत्रे काढण्याआधी अर्ज करावा. सुरू झालेले काम थांबले की त्या घराला उघड्यावर पावसाळा काढावा लागतो.

एव्हबरीला गाव हाही वारसाच आहे हे मान्य व्हायला घरे पडावी लागली. दौलताबादच्या तटात माणसे शतकानुशतके राहत आली आहेत. किल्ल्याच्या नकाशावर त्यांची घरे कोणत्या रंगाने दाखवायची, हे गावाला विचारून ठरवण्याची वेळ अजून गेलेली नाही.