ईश्वरमैत्री, ख्रिस्ती धर्मातील

ईश्वर आणि मनुष्य यांच्यातील नाते मैत्रीचे असू शकते, ही ख्रिस्ती धर्मविचारातील एक प्राचीन कल्पना. ईश्वराला पिता, राजा, मेंढपाळ वा न्यायाधीश मानणाऱ्या कल्पनांइतकी ती उपासनाविधींत ठळकपणे आढळत नाही. तथापि प्रार्थनेचे स्वरूप, पापाची कबुली आणि सदाचरणामागील हेतू यांसंबंधीच्या विवेचनात तिला महत्त्वाचे स्थान आहे. या मैत्रीची दोन लक्षणे विशेषत्वाने सांगितली जातात : मनमोकळेपणा व एकनिष्ठा. मित्रापासून काही लपविले जात नाही आणि मित्राला दिलेला शब्द मोडला जात नाही. माणसामाणसांतील मैत्रीत ही दोन्ही लक्षणे सहज एकत्र नांदतात. परंतु दोहोंपैकी एक पक्ष सर्वज्ञ व सर्वसमर्थ असला, की दोन्ही अडचणीत येतात. ज्याला सर्व काही ठाऊकच आहे त्याच्यापाशी मन मोकळे करण्यात काय अर्थ, आणि ज्याची आज्ञा पाळणे भागच आहे त्याच्याशी राखलेली निष्ठा मैत्रीची की दास्याची, हे ते दोन प्रश्न होत. ख्रिस्ती विचारवंतांनी त्यांना वेळोवेळी दिलेल्या उत्तरांतून ही कल्पना घडत गेली.

कल्पनेचे मूळ यहुदी धर्मग्रंथांत आहे. अब्राहाम याला जुन्या करारात दोन ठिकाणी ईश्वराचा मित्र म्हटले आहे (यशया ४१ : ८, दुसरा इतिहास २० : ७). तेथील मूळ हिब्रू शब्द ‘प्रेम करणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. इस्लाममध्येही अब्राहामाला ‘खलील’ म्हणजे जिवलग मित्र ही पदवी आहे आणि ज्या हेब्रन नगरात त्याची कबर दाखविली जाते, त्या नगराचे अरबी नाव त्यावरूनच ‘अल्-खलील’ असे पडले आहे. अब्राहामाच्या कथेत मैत्रीची दोन्ही लक्षणे दिसतात, पण ती एकाच प्रसंगात नव्हेत. सदोम नगराचा नाश करण्याचा आपला बेत अब्राहामापासून लपवावा काय, असा विचार ईश्वर करतो आणि तो त्याला सांगतो. तेव्हा अब्राहाम चक्क घासाघीस करतो : नगरात पन्नास नीतिमान माणसे असतील तर, पंचेचाळीस असतील तर, असे करीत तो दहावर येऊन थांबतो (उत्पत्ती १८). पुढे मुलाचा, इसहाकाचा, बळी देण्याची आज्ञा होते, तेव्हा मात्र तो अवाक्षरही न काढता निघतो (उत्पत्ती २२). परक्यांच्या प्राणांसाठी वाद घालणारा अब्राहाम स्वतःच्या मुलासाठी बोलत नाही, ही गोष्ट वाचकांना शतकानुशतके अस्वस्थ करीत आली आहे. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात ‘ईश्वराचा मित्र’ हे बिरुद या दुसऱ्या प्रसंगाशी जोडलेले आहे (२ : २१–२३), पहिल्या प्रसंगाचा तेथे उल्लेख नाही.

मोशेविषयी निर्गमाच्या पुस्तकात असे म्हटले आहे, की माणूस आपल्या मित्राशी बोलतो त्याप्रमाणे ईश्वर त्याच्याशी समोरासमोर बोलत असे. पण त्याच अध्यायात मोशे ईश्वराचे तेज पाहू मागतो तेव्हा त्याला नकार मिळतो : माझे मुख पाहून कोणी जिवंत राहू शकत नाही. त्याला खडकाच्या कपारीत ठेवून केवळ पाठमोरे दर्शन घडविले जाते (निर्गम ३३). मोकळेपणा दोन्ही बाजूंनी सारखा नाही, हे या अध्यायाने आडपडदा न ठेवता मान्य केले आहे.

माणसाच्या बाजूचा मोकळेपणा किती दूर जाऊ शकतो, याचे उत्तर मात्र ईयोब, यिर्मया आणि स्तोत्रसंहिता यांत मिळते. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सु. एकतृतीयांश स्तोत्रे तक्रारीची वा विलापाची आहेत. त्यांपैकी बहुतेकांचा शेवट विश्वासाच्या उद्गाराने होतो; अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मात्र अंधारातच संपते आणि मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दही अंधार हाच आहे. यिर्मया संदेष्टा तर ईश्वराने आपल्याला फसविले, असा उघड आरोप करतो. ईयोबाच्या ग्रंथात या प्रश्नाची सर्वांत कठोर परीक्षा झाली आहे. संपत्ती, संतती व आरोग्य गमावलेल्या ईयोबाला भेटावयास एलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र येतात. प्रथम सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट्याने बसतात आणि ग्रंथातील त्यांचे सर्वांत चांगले कृत्य तेच होय. नंतर ते ईश्वराचे वकीलपत्र घेतात : ईश्वर न्यायी आहे, तेव्हा ईयोबाने पाप केलेच असले पाहिजे. ईयोब हे नाकारतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि ईश्वरालाच जाब विचारतो. ग्रंथाच्या अखेरीस ईश्वर या तिघांवर रागावतो व माझ्या सेवक ईयोबाप्रमाणे तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, असा ठपका त्यांच्यावर ठेवतो (४२ : ७). ईश्वराची बाजू घेणारे चुकले आणि त्याच्याशी भांडणारा बरोबर ठरला, हा निर्णय धर्मग्रंथातच नोंदलेला असल्यामुळे तक्रार म्हणजे अश्रद्धा, असे समीकरण ख्रिस्ती धर्मशास्त्रात कधीच निर्वेधपणे टिकू शकले नाही. ईयोबाची एकनिष्ठा त्याच्या मौनात नाही; इतके बोलूनही तो दुसऱ्या कोणाकडे दाद मागत नाही, यात ती आहे.

नव्या करारातील मध्यवर्ती उतारा योहानकृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात, येशूच्या शेवटच्या भोजनप्रसंगीच्या संभाषणात येतो. आपण शिष्यांना यापुढे दास म्हणणार नाही, कारण धनी काय करतो हे दासाला कळत नसते. पित्याकडून जे ऐकले ते सर्व तुम्हांला कळविल्यामुळे तुम्ही मित्र आहात, असे येशू सांगतो. त्याच्या लगतच, आज्ञा पाळाल तर तुम्ही माझे मित्र, अशी अटही आहे. आज्ञा व मैत्री यांची ही सांगड आधुनिक वाचकाला विसंगत वाटते. परंतु येथे ज्या आज्ञेचा निर्देश आहे ती परस्परांवर प्रेम करण्याची आहे आणि मित्रांसाठी प्राण देणे हा तिचा मापदंड येशूने आधी स्वतःला लावून घेतला आहे. दास आणि मित्र यांत आज्ञापालन हा भेद नाही. आज्ञेमागील मन दासाला कळत नाही व मित्राला कळते, हा आहे.

याच संदर्भात ‘पार्रेसिया’ हा ग्रीक शब्द लक्षात घ्यावा लागतो. निर्भयपणे, काही हातचे न राखता बोलणे, असा त्याचा अर्थ. अथेन्समध्ये तो स्वतंत्र नागरिकाचा हक्क होता. गुलामाला तो नव्हता. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात ईश्वराच्या कृपासनाजवळ जाताना बाळगावयाच्या धैर्यासाठी हाच शब्द वापरला आहे (४ : १६). उलट, राजदरबारातील मैत्री कशी असते, तेही योहानाने दाखविले आहे : येशूला सोडून दिलेस तर तू कैसराचा मित्र नव्हेस, अशी धमकी मिळताच रोमन सुभेदार पिलात नमतो. त्या मैत्रीत भीतीला स्थान होते, मोकळेपणाला नव्हते. निष्ठाभंगाची दोन उदाहरणेही शुभवर्तमानांत शेजारीशेजारी आहेत. यहूदा इस्कर्योत याने पकडून दिले त्या क्षणीही, मत्तयाच्या वृत्तांतानुसार, येशू त्याला ‘गड्या’ अशी हाक मारतो. पेत्र त्याला तीनदा नाकारतो. पुनरुत्थानानंतर त्याला तीनदाच विचारले जाते, की तुझे माझ्यावर प्रेम आहे काय. पेत्र तिसऱ्या वेळी दुःखी होऊन म्हणतो, की तुला सर्व ठाऊक आहे. तरीही प्रश्न विचारला गेला होता आणि उत्तर द्यावे लागले होते.

या कल्पनेपुढील तात्त्विक अडचण ग्रीकांनी आधीच मांडून ठेवली होती. मैत्रीला काही एक समानता लागते आणि देव व माणूस यांच्याइतके अंतर असल्यास मैत्री राहूच शकत नाही, असे ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात म्हटले आहे. निसाचा ग्रेगरी (सु. ३३५–सु. ३९५) याने मोशेच्या चरित्रावरील ग्रंथाच्या शेवटी शिक्षेच्या भीतीने अथवा बक्षिसाच्या आशेने केलेले सदाचरण गौण मानले आणि ईश्वराच्या मैत्रीला मुकणे हीच एक भीतीची गोष्ट ठरविली. ॲरिस्टॉटलच्या आक्षेपाला नेमके उत्तर देण्याचा प्रयत्न टॉमस अक्वाय्नस (१२२५–७४) याने केला. ईश्वरप्रीती ही मैत्रीच होय, असे त्याचे प्रतिपादन आहे. ॲरिस्टॉटलने घातलेली अट तो नाकारत नाही. मैत्रीला काहीतरी समाईक असावे लागते हे तो मान्य करतो. मात्र ती समाईक गोष्ट माणसाजवळ आधीची नसते. ईश्वर स्वतःचे परमसुख माणसाला देऊ करतो, त्यातून ती निर्माण होते. याला आधार म्हणून त्याने पौलाचे जे वचन घेतले आहे, त्यात ईश्वराच्या विश्वासूपणाचा उल्लेख आहे (करिंथकरांस पहिले पत्र १ : ९). निष्ठा प्रथम ईश्वराची आणि नंतर माणसाची, हा क्रम त्यामुळे निश्चित झाला.

सर्वज्ञापुढे मन मोकळे करण्याच्या प्रश्नाला सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) याचे उत्तर प्रसिद्ध आहे. त्याचे तेरा भागांचे आत्मनिवेदन (सु. ३९७–४०१) आरंभापासून ईश्वराला उद्देशून आहे. ईश्वराला नवे काही सांगणे अशक्य, हे त्याला मान्य आहे. पण लपविणाऱ्याला ईश्वर दिसेनासा होतो, ईश्वराला लपविणारा दिसेनासा होत नाही, असे तो म्हणतो. याच ग्रंथाच्या आठव्या भागात त्रीर नगरातील दोन राजसेवकांची हकीकत आहे. एका संन्याशाचे चरित्र हाती पडून वाचताना त्यांपैकी एकाला वाटते, की आयुष्यभर खपून सम्राटाचा मित्र होणे हीच आपली मोठ्यात मोठी आशा, आणि तेही पद धोक्याचे; ईश्वराचा मित्र मात्र या क्षणी होता येते.

मध्ययुगात यॉर्कशरमधील रीव्हो मठाचा अधिपती एल्रेड (१११०–६७) याने आध्यात्मिक मैत्रीवर संवादरूप ग्रंथ लिहून मानवी मैत्रीलाच ईश्वराकडे जाण्याची वाट मानले. चौदाव्या शतकात ऱ्हाईन नदीच्या काठच्या नगरांत ‘ईश्वराचे मित्र’ या नावाने ओळखली जाणारी भाविकांची वर्तुळे होती. योहानेस टाउलर (सु. १३००–६१) याची प्रवचने त्यांना मार्गदर्शक ठरली. पोप व सम्राट यांच्यातील कलह आणि १३४८–४९ ची प्लेगची साथ यांमुळे हा काळ धार्मिक अनिश्चिततेचा होता. स्ट्रॅस्बर्गचा सावकार रूलमान मेर्सविन (१३०७–८२) याने ‘डोंगराळ प्रदेशातील ईश्वरमित्र’ म्हणून ज्या गूढ पुरुषाची पत्रे प्रसृत केली, तो पुरुष काल्पनिक होता, असे एकोणिसाव्या शतकातील संशोधनानंतर सामान्यतः मानले जाते. मोकळेपणाचा गौरव करणाऱ्या चळवळीत हे घडावे, हा एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल.

प्रत्यक्ष प्रार्थनेच्या पातळीवर या कल्पनेचे सर्वांत स्पष्ट विवेचन स्पेनमधील कार्मेलाइट जोगीण आव्हिलाची तेरेसा (१५१५–८२) हिने केले. जो आपल्यावर प्रेम करतो हे आपल्याला ठाऊक आहे, त्याच्याशी वारंवार एकांतात केलेला स्नेहाचा व्यवहार, अशी तिने मानसप्रार्थनेची व्याख्या केली आहे. या व्याख्येमागे अनुभव आहे. आपण अपात्र आहोत, या भावनेने तिने तारुण्यात वर्षाहून अधिक काळ अशी प्रार्थना सोडून दिली होती. नम्रतेच्या वेषात आलेली ही सर्वांत घातक फसवणूक होती, असे तिने आत्मचरित्रात नमूद केले आहे. अपराधी मनुष्य लाजेने मित्राला टाळू लागला, तर मूळ अपराधापेक्षा ते टाळणेच मैत्रीला अधिक मारक ठरते, असा तिचा अभिप्राय. प्रवासातील हालअपेष्टांनी त्रासून, मित्रांना असे वागवतोस म्हणूनच तुला मित्र थोडे, असे तिने ईश्वराला सुनावल्याची आख्यायिका आहे. तिचा समकालीन इग्नेशियस लॉयोला (१४९१–१५५६) याने आपल्या साधनाग्रंथात (१५४८) साधकाने ख्रिस्ताशी मित्र मित्राशी बोलतो तसे किंवा सेवक धन्याशी बोलतो तसे बोलावे, असे सांगितले. योहानाने वेगळी केलेली दोन्ही नाती त्याने साधकाच्या त्या वेळच्या मनःस्थितीवर सोपविली आहेत.

प्रॉटेस्टंट पंथांनी करार व श्रद्धा या कल्पनांवर अधिक भर दिला. जॉर्ज फॉक्स (१६२४–९१) याच्या क्वेकर पंथाने मात्र योहानाच्या पंधराव्या अध्यायाला अनुसरून ‘मित्रसमाज’ हेच नाव धारण केले. जोसेफ स्क्रिव्हेन (१८१९–८६) याने १८५५ मध्ये रचलेले, येशूला मित्र म्हणणारे इंग्रजी गीत जगभर पसरले. अशा गीतांतून ही कल्पना लोकप्रिय झाली, तशीच ती भावविवश व केवळ खाजगी दिलाशापुरतीही झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ईश्वरी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजात ईश्वर माणसांशी मित्रांप्रमाणे बोलतो, असे म्हटले. जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमान (१९२६–२०२४) याने १९७५ मध्ये ‘खुली मैत्री’ ही संज्ञा योजून खाजगीपणाकडील या कलावर टीका केली. येशूला ‘जकातदारांचा व पापी जनांचा मित्र’ हे नाव त्याच्या विरोधकांनी दिले होते, याकडे त्याने लक्ष वेधले. मोकळेपणाला त्यामुळे दुसरा अर्थ आला : ईश्वराची मैत्री मित्रमंडळाबाहेरच्यांसाठी खुली असली पाहिजे.

मराठी वाचकाला येथे नवविधा भक्तीतील सख्यभक्ती आठवणे स्वाभाविक आहे. दासबोधाच्या चौथ्या दशकातील आठवा समास तिच्यावर आहे. देवाला जे आवडते तसे आपण वागावे, म्हणजे सख्य जडते, आणि जिवलगांशी ताटातूट झाली वा मनोरथ पुरले नाहीत तरी ते सोडू नये, हे तेथील विवेचन योहानाच्या अटीशी जवळचे आहे. ख्रिस्ती विचारात मात्र मैत्रीचा आरंभ ईश्वराच्या निवडीपासून होतो. १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना विठ्ठलाशी उघडपणे भांडणाऱ्या तुकारामांच्या अभंगवाणीचा वारसा होता व तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांच्या रचनेत मात्र ख्रिस्ताचे माउली हे रूप विशेष ठळक आहे.