बायोसची उगाच भीती

मुंबई हायवेने सोलापूरहून हैदराबादेत शिरताना मियापूर मागे पडलं की कुकटपल्ली लागते. जेएनटीयू आणि केपीएचबी कॉलनीच्या आसपास हॉस्टेलं दाटीवाटीने उभी आहेत, आणि त्यांत नांदेड, लातूर, उदगीरकडून शिकायला किंवा पहिल्या नोकरीला आलेली मराठी मुलंही राहतात. अशा मुलांचा पहिला लॅपटॉप पुष्कळदा सेकंडहँड असतो, कुठल्यातरी कंपनीने तीन-चार वर्षं वापरून काढून टाकलेला. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले. म्हणजे पेनड्राइव्ह लावून विंडोज ११ किंवा लिनक्स टाकायची वेळ आज ना उद्या येतेच. आणि तिथे बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणारा प्रोग्रॅम, आडवा येतो. २०१२ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये खरं तर त्याच्या जागी यूईएफआय असतं, पण सगळे बायोसच म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू. आता त्याच्याविषयीच्या समजुती एकेक करून पाहू.

‘बायोसमध्ये चुकीचं बटण दाबलं की डेटा उडतो.’ बायोसची सेटिंग्ज मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये राहतात. तुमचे फोटो आणि प्रोजेक्ट असतात हार्डडिस्कवर किंवा एसएसडीवर. बूट ऑर्डर बदलल्याने तिथली एकही फाइल हलत नाही. काही मॉडेलांत ‘डेटा वाइप’ किंवा ‘सिक्युअर इरेज’ नावाचा पर्याय मात्र असतो, तेवढा सोडून द्यावा.

मग भीती आली कुठून? कुणीतरी बूट मोड यूईएफआयवरून लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीवर, नेतो, लॅपटॉप ‘नो बूटेबल डिव्हाइस’ म्हणतो, आणि हॉस्टेलभर बातमी होते की हार्डडिस्क गेली. ती गेलेली नसते. यूईएफआयवर बसवलेली विंडोज डिस्कवरच्या एका छोट्या फॅट३२ पार्टिशनमधून सुरू होते. लेगसी पद्धत तिथे बघतच नाही, ती डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर कोड शोधते. सेटिंग पूर्ववत केलं की विंडोज जशीच्या तशी उघडते.

डेटा खरोखर जातो तो त्याच्या पुढच्या टप्प्यावर. इन्स्टॉलर ‘कुठे बसवू?’ असं विचारतो आणि डिस्कच्या पार्टिशनांची यादी दाखवतो. तिथे सी, डी अशी ओळखीची अक्षरं नसतात, ‘ड्राइव्ह ०, पार्टिशन ३’ असली कोरडी नावं असतात. बायोसमध्ये हात थरथरणारी माणसं नेमकं इथे बेधडक ‘डिलीट’ करत सुटतात. पार्टिशनांचे आकार आधी कागदावर लिहून घ्यावेत, आणि दुसरी डिस्क किंवा बाहेरची हार्डडिस्क जोडलेली असेल तर ती काढून ठेवावी.

बायोसमधल्या बदलामुळे डेटा हाताबाहेर जाण्याचा एक रस्ता मात्र खरा आहे: बिटलॉकर. नव्या विंडोज ११वर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की कित्येक लॅपटॉपांवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. पुढे सिक्युअर बूट (सही केलेलाच बूटलोडर चालू देणारं सेटिंग) बंद केलं किंवा टीपीएम (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणारी चिप) साफ केलं की निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. पण खातं दुकानदाराने सेटअप करताना स्वतःच्या मेलने उघडलेलं असलं तर? म्हणून काहीही बदलण्याआधी की मोबाइलवर किंवा कागदावर उतरवून घ्या. निदान बिटलॉकर काही वेळापुरतं ‘सस्पेंड’ तरी करा.

‘आधी सिक्युअर बूट बंद करा, लेगसी चालू करा, मगच पेनड्राइव्ह चालतो.’ हा सल्ला दहा-बारा वर्षांपूर्वीचा आहे आणि त्या वेळी त्याला अर्थ होता. विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये सिक्युअर बूट सर्रास आलं, तेव्हा लिनक्सची पंचाईत झाली होती. पण उबंटूने त्याच वर्षी १२.१० आवृत्तीत सही केलेला बूटलोडर दिला, फेडोरानेही पुढच्या आवृत्तीत दिला. आज उबंटू, फेडोरा, डेबियन सिक्युअर बूट चालू ठेवून बसतात. आर्चसारख्या काहींची अधिकृत आयएसओ मात्र अजूनही ते बंद करायला लावते. विंडोज ११ला तर यूईएफआय लागतंच. लेगसी करून बसलात की ‘हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही’ हा शेरा ठरलेला. टीपीएमसुद्धा पुष्कळदा नुसतं बंद असतं. इंटेलच्या बायोसमध्ये ते ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या ‘एफटीपीएम’ नावाने सापडतं. अर्थात ते चालू केलं म्हणून सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर अधिकृत यादीत जात नाही. यादी, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते.

‘पेनड्राइव्ह दिसत नाही, म्हणजे पोर्ट खराब.’ पोर्ट क्वचितच खराब असतो. बूट मेन्यूची की कंपनीगणिक वेगळी: डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ असते खरी, पण ती पुष्कळदा बायोसमध्येच बंद ठेवलेली असते. आधी एफ२ने आत जाऊन ‘एफ१२ बूट मेन्यू’ चालू करावा लागतो. दुसरं म्हणजे विंडोजचं ‘शट डाउन’ पूर्ण बंद होणं नसतं, फास्ट स्टार्टअपमुळे ती अर्धवट झोपते, म्हणून पुढच्या वेळी ही की कधी कधी लागतच नाही. शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’ केलं आणि ‘यूज अ डिव्हाइस’ निवडलं की कुठलीच की धावतपळत दाबायला नको.

मेन्यूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर गोंधळू नका. ज्या नावामागे ‘यूईएफआय’ लिहिलंय ते निवडा. आयएसओ फाइल नुसती कॉपी करून मात्र पेनड्राइव्ह बूटेबल होत नाही, तो रूफससारख्या साधनाने करावा लागतो. (व्हेंटॉय हा अपवाद. तो एकदा बसवला की मग खरंच नुसती कॉपी पुरते.) रूफसमध्ये पार्टिशन स्कीम ‘जीपीटी’ ठेवा.

‘इन्स्टॉलरला एसएसडी दिसत नाही, म्हणजे एसएसडी गेली.’ इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या लॅपटॉपांत हे हमखास होतं. बायोसमध्ये ‘व्हीएमडी’ हे इंटेलचं स्टोरेज सेटिंग चालू असतं आणि विंडोजच्या इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवा. डिस्क हजर होते. व्हीएमडी बंद करूनही काम भागतं, पण आधीची विंडोज ठेवायची असेल तर ते करू नका. ती त्यानंतर सुरूच होणार नाही.

‘फॉरमॅट मारलं की ओरिजिनल विंडोजचं लायसन्स जातं.’ विंडोज ८पासून कंपन्या लॅपटॉपसोबत आलेली प्रॉडक्ट की फर्मवेअरमध्येच घालून देतात. डिस्क पूर्ण पुसा, नवी टाका. तीच आवृत्ती, होमला होम, पुन्हा बसवली की इंटरनेट मिळताच ती ॲक्टिव्हेट होते. ‘विंडोज टाकून देतो, लायसन्सचे वेगळे’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी हे तपासावं.

‘बायोसला पासवर्ड असला तर सेल काढून लावा.’ जुन्या डेस्कटॉपवर हा उपाय चालायचा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल काढला की सेटिंग्ज पुसली जायची. कंपन्यांसाठीच्या आजच्या लॅपटॉपांत पासवर्ड अशा मेमरीत असतो की तिला विजेची गरजच नाही. सेल काढून फार तर घड्याळ चुकेल. म्हणून सेकंडहँड लॅपटॉप घेताना पैसे देण्याआधी दुकानातच तो चालू करा, बायोसमध्ये शिरून बघा आणि एखादं सेटिंग बदलून सेव्ह होतं का तेही पाहा. पासवर्ड मागितला तर तो दुकानदारानेच काढून द्यायचा, तुमच्यासमोर.