घाम वाळला तरच

नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, मुंबई-रत्नागिरीला तो ३५-३६ च्या आसपासच राहतो. म्हणून किनारपट्टीचा उन्हाळा सौम्य, असं आपण धरून चालतो. शरीराचा हिशेब वेगळा आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातही शंभर वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता सतत तयार होत असते. ती बाहेर पडली तरच आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास टिकतं. रक्त तापू लागलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतो आणि आतली उष्णता रक्ताबरोबर कातडीपर्यंत येते. पण उन्हाळ्यात कातडीही ३५ अंशांच्या आसपास असते. हवा तेवढीच तापली की ती ही उष्णता घेईनाशी होते आणि सगळी भिस्त घामावर येते.

घाम आल्याने अंग गार होत नाही, तो वाळल्याने होतं. एक लिटर घाम कातडीवरून उडून गेला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम कपाळावरून ओघळून हनुवटीवरून टपकला, तर पाणी आणि मीठ तेवढं जातं, उष्णता जवळपास तिथेच राहते. माठाचंही असंच असतं. विदर्भाच्या कोरड्या हवेत माठ झिरपतो, वाळतो, आणि पाणी गारेगार होतं. कोकणात पावसाळ्यात तोच माठ नुसता ओला राहतो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर नागपूरला घरोघरी असतो आणि मुंबईत निकामी ठरतो, तोही याच कारणाने. १७७४ साली लंडनमध्ये इंग्रज डॉक्टर चार्ल्स ब्लॅग्डेन १२७ अंशांपर्यंत तापवलेल्या खोलीत काही मिनिटं राहून धडधाकट बाहेर आले. त्याच प्रयोगांत तापल्या खोलीत ठेवलेलं अंडं मात्र शिजून घट्ट झालं होतं. हवा कोरडी होती, म्हणूनच ब्लॅग्डेन यांना हे जमलं.

यावर कोणी म्हणेल, आपल्या लोकांना सवय असते. सवय खरीच आहे: आठ-पंधरा दिवस उन्हात काम केलं की घाम लवकर सुटतो, जास्त येतो, त्यातलं मीठ कमी होतं. पण हवेतच वाफ भरलेली असेल, तर जास्तीचा घामही वाळणार कुठे? अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग झाले. ओलं कापड गुंडाळलेल्या तापमापकाने ३१ अंशांच्या आसपास दाखवताच, दमट हवेत त्यांच्या अंगातलं तापमान आवरेनासं झालं. ही मर्यादा ३५ असेल, असा आधीचा अंदाज होता. म्हाताऱ्या, आजारी माणसांची मर्यादा त्याहूनही खाली, हे उघड आहे.

कोरडं ऊन निरुपद्रवी आहे, असं मी म्हणत नाही. तिथे अंगातलं पाणी नकळत आटतं आणि माणूस कोसळतो. पण १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात पारा ३८ च्या आसपास असताना उष्माघाताने १४ जण दगावले, तेव्हा नुसता पारा पाहून दुपारचा कार्यक्रम ठरवणं किती घातक आहे, हे दिसलंच. दमट गावात ऊन लागलेल्या माणसाला पंख्याखाली निजवून वाट पाहत बसू नये. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्या अंगावर थंडगार पाणी ओतत राहावं. मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावावा.