शंभरात किती जणींची पिशवी काढली?

"डॉक्टरसाहेब, आमच्या वस्तीवर तर निम्म्या बायांची पिशवी काढलीय. मग पेपरात शंभरात सतराच कशा?" तपासायला आलेल्या एका ऊसतोड कामगार बाईंनी मला विचारले. बाई खोटे बोलत नव्हत्या आणि पेपरही नाही.

वाचकहो, शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात ढवळलेला असेल तर. तळाचे करपलेले शीत उचलले तर सारे पातेले करपले असे वाटेल. एक वस्ती म्हणजे असेच एक शीत.

राज्य महिला आयोगाच्या २०१८ च्या पाहणीत आपल्या जिल्ह्यातील २०० महिलांना विचारले. ३६ टक्के जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यांत अशा १३,८६१, म्हणजे शंभरात सतरा. दोनशेच्या नमुन्यात नुसत्या योगायोगाने सहा-सात टक्के इकडेतिकडे होतात. इथला फरक त्याहून मोठा आहे. तेव्हा कोणत्या गावच्या, किती वयाच्या बाया निवडल्या हे विचारावे लागते.

आणि केव्हा विचारले, हेही. जानेवारीत घरोघर गेलात तर कोयते कारखान्यावर गेलेले, घरी भेटणार म्हाताऱ्या आणि पोरे! जिला विचारायचे तीच यादीत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्राचा आकडा २.६ टक्के होता. त्यात पंधरा वर्षांच्या मुलीही धरल्या होत्या, म्हणून तुलना जपूनच करावी. तरी सतरा फारच झाले, असे माझे मत.

त्या बाईंना अंगावरून पांढरे जात होते. कुणीतरी पिशवी काढायला सांगितले होते. मी आधी तपासणी करून औषध दिले आणि पंधरा दिवसांनी बोलावले आहे.