हळदीचा गुण कोठे वसतो?

फाल्गुनाच्या सुमारास वसमत तालुक्यातील कोणत्याही शिवारात पाऊल टाकावे, तो शिजत्या हळदीची वाफ आणि खळ्यावर पसरलेल्या हळकुंडांचा उष्ण, मातकट दरवळ सामोरा येतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याला बाजारपेठेत जो लौकिक लाभला तो बव्हंशी याच पिकाने दिला, आणि २०२४ साली वसमतच्या हळदीस भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या जिनसाला पिढ्यान्‌पिढ्या जखमेवर दाबले गेले, त्याचा जंतुनाशक गुण नेमका कोठे वसतो, हा प्रश्न म्हणूनच या मातीला परका नाही.

हळदीतील पिवळे द्रव्य, कुरकुमिन, १८१५ साली वेगळे काढले गेले. त्याची घडण उलगडण्यास मात्र १९१० उजाडावे लागले. दोन षट्कोनी कडी, त्यांना जोडणारी सात कार्बनांची साखळी, आणि प्रत्येक कड्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनाची एकेक जोडी, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, असे हे बांधकाम आहे. या चिमुकल्या जोडीचे महत्त्व ओव्यावरून उत्तम उमगते. ओव्याच्या तेलात थायमॉल, ज्याला आपण ओव्याचे फूल म्हणतो, आणि पॅरा-सायमीन अशी दोन द्रव्ये शेजारी नांदतात. दोहोंचा सांगाडा एकच, परंतु पहिल्यावर तो हायड्रॉक्सिल गट आहे, दुसऱ्यावर नाही, आणि एवढ्याच भेदाने पहिले प्रखर जंतुनाशक ठरते, तर दुसरे जवळजवळ निष्प्रभ राहते. सांगाडा स्निग्ध असल्याने जंतूच्या स्निग्ध आवरणात शिरकाव होतो, आणि हायड्रॉक्सिल गट तेथे पोचल्यावर त्या आवरणाची व्यवस्था विस्कटून टाकतो. ज्या जंतूंना बाहेरून आणखी एक कवच असते, त्यांच्यापुढे हा शिरकावही अवघड होतो, म्हणून हळदीचा प्रभाव सर्व जंतूंवर सारखा पडत नाही.

पण घडण जितकी महत्त्वाची, तितकाच भोवतालही. हळदीत चुन्याची निवळी पडताच ती लाल होते, हे कुंकू करणाऱ्या घरांना ठाऊकच आहे. त्या रंगपालटात हायड्रॉक्सिल गटाचा हायड्रोजन निघून जातो, रेणूवर विद्युत्‌भार येतो आणि स्निग्ध आवरण ओलांडणे त्यास दुष्कर होते. शरीराइतक्या उबदार, किंचित अल्कधर्मी जलीय द्रावणात तर जवळजवळ नव्वद टक्के कुरकुमिन अर्ध्या तासात विघटित होते. बाजारी लोणच्यातील सोडियम बेंझोएटचा न्यायही हाच : आंबट रसात त्याचे बेंझोइक आम्ल भाररहित राहते आणि जंतूंना मारक ठरते, आंबटपणा नसेल तर तोच जिन्नस बरणीत नुसता पडून राहतो. म्हणून घरच्या लोणच्याचे रक्षण हळद करते, हा समज मला मान्य नाही. तेथे खरा अंमल मिठाचा आणि कैरीच्या आंबटपणाचा असतो, हळद फार तर मदतनीस.

१९९५ साली अमेरिकेत जखमेवरील हळदीच्या उपयोगाचे पेटंट मंजूर झाले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने दाखले पुढे ठेवून त्याला आक्षेप घेतला आणि १९९७ च्या ऑगस्टमध्ये ते रद्द करवले. त्या लढ्याचा अभिमान मला आजही वाटतो; पण तो निवाडा परंपरेच्या हक्काचा होता, प्रत्येक जखमेवर हळद पुरेशी आहे असा नव्हता.

प्रकाशातही कुरकुमिन हळूहळू विघटित होते. तेव्हा वर्षभरासाठी दळून आणलेली हळद काचेच्या बरणीत, खिडकीपाशी मांडू नका. झाकणाच्या कोरड्या डब्यात, अंधाऱ्या फडताळात ठेवा.