हायड्रोजन व बॅटरीवर चालणाऱ्या मोटारगाड्या

हायड्रोजनवर चालणारी आणि बॅटरीवर चालणारी मोटारगाडी हे पेट्रोलच्या गाडीला असलेले दोन प्रमुख पर्याय होत. दोहोंचीही चाके विजेच्या मोटरनेच फिरतात. बॅटरीची गाडी बाहेरून घेतलेली वीज साठवते, तर हायड्रोजनची गाडी धावताना स्वतःच वीज निर्माण करते. त्यामुळे 'विद्युत वाहन' ही संज्ञा वस्तुतः दोघींनाही लागू पडते.

इतिहास

इंधनघटाचे तत्त्व १८३८-३९ च्या सुमारास ख्रिश्चन शॉनबाइन व विल्यम ग्रोव्ह यांनी मांडले. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणली. तिच्या आधारावर निसानची 'लीफ' ही गाडी २०१० मध्ये, तर टोयोटाची हायड्रोजनवरील 'मिराई' २०१४ मध्ये विक्रीस आली.

कार्यपद्धती

इंधनघटात टाकीतील हायड्रोजन आणि हवेतील ऑक्सिजन यांचा संयोग होऊन वीज, उष्णता व पाणी निर्माण होते. या क्रियेसाठी प्लॅटिनम हे महागडे उत्प्रेरक लागते. हायड्रोजन अतिशय हलका वायू असल्याने तो वातावरणाच्या सुमारे ७०० पट दाबाखाली साठवावा लागतो. टाकी अवघ्या पाच मिनिटांत भरते. बॅटरी पूर्ण भारित होण्यास मात्र घरगुती जोडणीवर कित्येक तास लागतात.

ऊर्जेचा हिशेब

एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. पण पाण्याच्या विद्युत अपघटनाने तो मिळवण्यास ५० ते ५५ युनिट वीज खर्च होते. वायू दाबून भरण्यास आणखी काही युनिट लागतात आणि इंधनघटातही ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. परिणामी १०० युनिट विजेपासून मिळालेल्या हायड्रोजनवर गाडी पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास धावते. तेवढीच वीज थेट बॅटरीत भरल्यास तशाच आकाराची गाडी साधारणतः साडेचारशे ते पाचशे किलोमीटर जाते. स्वच्छ वीज जोवर मर्यादित आहे, तोवर हा फरक निर्णायक ठरतो.

पर्यावरण

गाडीतून धूर निघत नाही, एवढ्यावरून ती प्रदूषणमुक्त ठरत नाही. जगातील बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायू व कोळशापासून तयार होतो आणि त्यात मोठ्या प्रमाणावर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कोळशाच्या विजेवर भारित केलेल्या बॅटरीचीही हीच मर्यादा आहे. शिवाय लिथियम, कोबाल्ट यांच्या खाणकामाचा पर्यावरणावर होणारा परिणाम वेगळाच.

सद्यस्थिती

प्रवासी गाड्यांच्या बाबतीत बॅटरीने स्पष्ट आघाडी घेतली आहे. नॉर्वेमध्ये २०२४ साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ बॅटरीवरील होत्या. याउलट हायड्रोजन भरण्याची केंद्रे जगात थोडीच आहेत. केंद्रे नाहीत म्हणून ग्राहक नाहीत आणि ग्राहक नाहीत म्हणून केंद्रे नाहीत, अशी ही कोंडी आहे.

भारतात केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादन हे त्याचे उद्दिष्ट आहे. इंधनघटावरील स्वदेशी बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात सादर झाली. ती सीएसआयआर व केपीआयटी यांनी विकसित केली होती. पोलाद व खतनिर्मिती, तसेच लांब पल्ल्याची अवजड वाहतूक या क्षेत्रांत हायड्रोजनला अधिक वाव असल्याचे मानले जाते.